चौघांच्या कमांडर गेमसाठी गॉब्लिन, झोंबी की ड्रॅगन, कुठला डेक बांधावा?

तुम्ही चौघं मिळून मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा कमांडर हा प्रकार खेळता आणि या तिघांतला एकच डेक (पत्त्यांचा संच) बांधायचाय, तर माझं उत्तर झोंबी. मी तिन्ही बांधलेत, तिन्ही बरेच दिवस खेळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक हिशोब बघा. दोघांच्या नेहमीच्या गेममध्ये समोरच्याचे 20 लाइफ संपवायचे असतात, कमांडरमध्ये प्रत्येकाचे 40, म्हणजे समोर तिघं धरले तर 120. त्यामुळे 3 डॅमेज देणारा लायटनिंग बोल्ट तिकडे हुकमी पत्ता, इथे त्याने कोणाचं फारसं बिघडत नाही. उलट ज्या कार्डावर 'प्रत्येक प्रतिस्पर्धी' असं लिहिलंय ते इथे तिघांनाही लागतं. कुठलाही थीम डेक बघताना मी पहिलं हे शोधतो आणि दुसरं म्हणजे कोणीतरी बोर्ड वाइप (टेबलावरचे सगळे क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डं, एकदम साफ करणारं कार्ड) टाकला की माझ्याकडे काय उरतं, कारण तिघांपैकी एकाच्या हातात रॅथ ऑफ गॉड नाहीतर तसलंच काहीतरी निघतंच, चार माना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा) आणि सगळे क्रीचर साफ.

गॉब्लिन इथेच मार खातात. क्रेंको मॉब बॉस कमांडर (डेकचा म्होरक्या) घेतला तर खेळायला मजा खूप येते, टॅप केला (कार्ड आडवं करून वापरलं) की जेवढे गॉब्लिन आहेत तेवढे नवीन येतात, म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार, पाच वेळा टॅप झाला की 32. पण हे सगळ्या टेबलाला दिसत असतं ना! माझ्या एका गेममध्ये पुढच्याच टर्नला सगळ्यांना संपवणार होतो, तेवढ्यात शेजारच्याने बोर्ड साफ केला, हातात एक लँड (माना देणारं कार्ड) आणि मेलेला कमांडर परत आणणं महाग पडतं म्हणून क्रेंकोला 4 ऐवजी 6 माना, तिथून मी गेममध्ये परत आलोच नाही. नंतर डेकमध्ये पर्फोरोस आणि गॉब्लिन बॉम्बार्डमेंट टाकले तेव्हा कुठे डेक सुधारला. पर्फोरोस असताना दुसरा कुठलाही क्रीचर तुमच्याकडे आला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला 2 डॅमेज, आणि तो इनडिस्ट्रक्टिबल (नष्ट न होणारा) असल्यामुळे रॅथने मरत नाही. बॉम्बार्डमेंट असलं की वाइप आला तरी मरणारे गॉब्लिन आधी एकेक करून फेकून मारता येतात. गॉब्लिनच बांधायचे असतील तर ही दोन कार्डं सोडू नका.

आता झोंबी. या डेकमध्ये क्रीचर मेले तरी ते ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) जातात आणि ग्रेव्हयार्ड म्हणजे तुमचा दुसरा हातच असतो. ग्रेव्हक्रॉलर एका मानाचा, बोर्डवर दुसरा एखादा झोंबी असेल तर ग्रेव्हयार्डमधून परत कास्ट होतो, कितीही वेळा. त्याच्यासोबत फिरेक्सियन ऑल्टर असलं की बळी देऊन मिळालेल्या मानातच तो परत येतो आणि झुलापोर्ट कटथ्रोट बाहेर असेल तर प्रत्येक फेरीला तिघांचाही एकेक लाइफ जातो, गेम तिथेच संपला. हे कॉम्बो आवडत नसेल तर ठेवू नका, त्याच्याशिवायही डेक चालतो. ग्रे मर्चंट ऑफ अ‍ॅस्फोडेल घ्या, काळ्याची डिव्होशन (टेबलावरच्या तुमच्या कार्डांच्या किमतीतली काळ्या मानाची चिन्हं) 5 असेल तर तिघांचे 5-5 जातात आणि तुम्हाला 15 मिळतात, मग त्याला मारून परत आणायचा, परत तेच. अटॅक करायची गरजच नाही, त्यामुळे समोर कितीही मोठे ब्लॉकर उभे असले तरी फरक पडत नाही. मला हा डेक इतका आवडतो त्याचं कारण हेच, वाइप झाल्यावर बाकीचे तिघं रिकामे बसलेले असतात आणि आपलं मात्र चालू असतं.

ड्रॅगनबद्दल थोडक्यात. द उर-ड्रॅगन हा कमांडर नुसता कमांड झोनमध्ये (कमांडर ठेवायच्या जागेत) बसला असला तरी बाकीचे ड्रॅगन एका मानाने स्वस्त होतात, पण तो स्वतः 9 मानाचा आणि पाच रंगांचा, त्यामुळे रंग जुळवण्यात आणि रॅम्प करण्यात (माना पटापट वाढवण्यात) सुरुवातीचे टर्न जातात, तेवढ्यात गॉब्लिनवाला तुम्हाला गाठू शकतो. चांगली गोष्ट ही की एकेक ड्रॅगन एकटाच पुरेसा असतो, दोन बाहेर ठेवून बाकीचे हातात धरले तर वाइपचं एवढं दुःख होत नाही.

एक अट मात्र आहे. तुमच्या ग्रुपमध्ये बोजुका बॉग किंवा रेस्ट इन पीससारखी ग्रेव्हयार्ड उडवणारी कार्डं दोघं-तिघं नेहमी खेळत असतील तर झोंबी बांधून हाल होतील, मग ड्रॅगनच घ्या आणि 100 पैकी लँड 37-38 ठेवा, त्यात काटकसर करू नका.