एअरलाइनच्या पासवर नातेवाईक-मित्रांचा प्रवास : पैसे कुठे कापले जातात?

प्रश्न : मी अमेरिकेत एअरलाइनमध्ये नोकरी करते. आई-बाबा स्टँडबायवर, म्हणजे विमानात जागा रिकामी राहिली तरच मिळणाऱ्या सीटवर, फिरून आले, पगारपत्रकात काही दिसलं नाही. सासू-सासरे त्याच विमानाने गेले, तर माझ्या नावावर जादा उत्पन्न चढलं. असं का?

उत्तर : कारण कंपनीच्या पास-नियमांतलं कुटुंब आणि करकायद्यातलं कुटुंब एक नाही. अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम १३२ नुसार रिकाम्या जागेवरचा प्रवास कर्मचारी, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं यांना करमुक्त आहे. विमानप्रवासापुरते कर्मचाऱ्याचे स्वतःचे आई-वडीलही त्यात धरले आहेत. सासू-सासरे, भावंडं, मित्र, लग्न न झालेला जोडीदार त्यात नाहीत. स्वतःच्या पायावर उभा राहिलेला मुलगाही नाही, कंपनीने त्याला पास दिला असला तरी. तुमचे यजमानही एअरलाइनमध्ये असतील, तर त्यांच्या आई-वडिलांचा प्रवास त्यांच्याच खात्यावर करा. तिथे तो करमुक्त ठरतो.

प्रश्न : मित्राला बडी पास, म्हणजे कर्मचाऱ्याने मित्रांना द्यायचा स्टँडबायचा सवलतीचा पास, दिला. त्याने ४० डॉलर भरले, तरी माझ्या पगारातून कापलेच. ही दुहेरी वसुली नाही का?

उत्तर : नाही. ४० डॉलर हे कंपनीने घेतलेलं भाडं, आणि पगारातून कापला तो तुमच्यावरचा कर. स्टँडबाय प्रवासाची किंमत त्या फ्लाइटच्या सर्वांत महागड्या, विनाअट इकॉनॉमी भाड्याच्या २५ टक्के धरतात. वेबसाइटवरच्या स्वस्त तिकिटाशी तिचा संबंध नाही, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

समजा ते भाडं ८०० डॉलर आहे. २५ टक्के म्हणजे २००. त्यातून भरलेले ४० वजा केले की १६० डॉलर तुमचं उत्पन्न. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर आयकर ३५.२० डॉलर, सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) यांचे कर मिळून ७.६५ टक्के म्हणजे १२.२४. एकूण ४७.४४, तेही एका बाजूच्या एका फ्लाइटचे. राज्याचा कर असेल तर तो वेगळा. मध्ये विमान बदललं तर दोन्ही फ्लाइटची किंमत स्वतंत्र धरली जाते. जागा न मिळून मित्र परत आला तर काहीच धरलं जात नाही.

मित्राने नंतर तुमच्या हातात पैसे दिले, तरी डब्ल्यू-२ वरचा, म्हणजे कंपनीने दिलेल्या वर्षाच्या पगार-कराच्या दाखल्यावरचा, आकडा तसाच राहतो, कारण वजावट मिळते ती एअरलाइनला भरलेल्या रकमेची. म्हणून पास देण्याआधीच कराचं स्पष्ट बोलून घ्या. परतफेड किती घेता येते ते कंपनीच्या नियमांत वाचा. वर नफा घेतलात तर पास आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतात.

प्रश्न : खात्रीची, आरक्षित सीट मिळाली तर?

उत्तर : २५ टक्क्यांचा नियम फक्त स्टँडबायसाठी आहे. सीट राखून ठेवली की ती रिकामी जागा राहत नाही, आणि घरच्यांची पूर्ण करमुक्तीही त्यावर टिकत नाही. अशी सवलत घेण्याआधी पगार विभागाला विचाराच.

प्रश्न : डिसेंबरमधला प्रवास त्या वर्षीच्या डब्ल्यू-२ मध्ये नाही. चूक आहे का?

उत्तर : बहुधा नाही. रोख नसलेले असे लाभ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिले असतील, तर ते पुढच्या वर्षात धरण्याची मुभा कंपनीला आहे. ताळा घेता यावा म्हणून तारीख, फ्लाइट क्रमांक, प्रवाशाचं नाव आणि भरलेली रक्कम लिहून ठेवा.