तुमचे प्रश्न : पेनल्टी हुकलेला कॅप्टन

प्रश्न : नमस्कार दादा, मी अकरावीला आहे, ऐरोलीला राहतो आणि फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे मागे डावीकडे बचावाला, खेळतो. माझे आजोबा नौपाड्यातले, शाळेत असल्यापासून ठाण्याहून लोकल पकडून मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा बघायला जायचे. ते म्हणतात बॅक असावा तर शैलेन मन्नांसारखा. मी नेटवर शोधलं तर काय सापडलं, 1948 च्या ऑलिंपिकला यांनी पेनल्टी घालवली आणि 1952 ला आपण 10-1 ने हरलो तेव्हा कॅप्टन हेच. मग एवढे मोठे कसे? आजोबांना विचारायला जीभ रेटत नाही.

उत्तर : अरे विचार की, आजच विचार. तो काळ डोळ्यांनी बघितलेली माणसं आता किती उरलीयेत.

तू वाचलंस ते खरंय पण त्या मॅचमध्ये अजून बरंच काही आहे. 31 जुलै 1948, लंडनजवळचं इलफर्ड, समोर फ्रान्स, देश स्वतंत्र होऊन एक वर्षही झालेलं नाही आणि आपले बहुतेक प्लेअर अनवाणी खेळतायत. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या, त्यातली एक मन्नांची. तरी रामनने गोल करून 1-1 केलं आणि अगदी शेवटी शेवटी फ्रान्सने दुसरा गोल घातला. आता तू बॅक आहेस म्हणून तुला विचारतो, बूट घातलेल्या त्या फ्रान्सला जवळजवळ शेवटपर्यंत एका गोलवर कोणी अडवून धरलं? ते स्कोअरमध्ये कुठे दिसतं सांग. पेनल्टी मात्र सगळ्यांना पाठ.

आणि तेव्हा मागे चार जणांची लाइन नसायची हां, आपली टीम जुन्या पद्धतीने खेळायची, पुढे पाच फॉरवर्ड, मध्ये तीन हाफ आणि मागे फक्त दोन बॅक. आज तुझ्या हातून विंगर सुटला तर सेंटर बॅक धावत येतो, मन्नांच्या मागे थेट गोलकीपर.

आता तुझ्या सर्चमध्ये वर यायला हवं होतं ते सांगतो. 1951, दिल्ली, पहिले एशियन गेम्स, कोच रहीम साहेब, कॅप्टन मन्ना. इंडोनेशियाला 3-0, अफगाणिस्तानला 3-0, फायनलला इराणला 1-0, गोल्ड मेडल. लोकांना फायनलचा मेवालालचा गोल आठवतो, आठवायलाच पाहिजे, पण तू ते शून्य बघ ना, तीन मॅच आणि एकही गोल खाल्लेला नाही. मला विचारशील तर मन्नांचं करिअर त्या तीन शून्यांत आहे.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं 10-1 मी झाकणार नाही, फार वाईट हार होती. पण समोरचं युगोस्लाव्हिया पुढे फायनल खेळून सिल्व्हर घेऊन गेलं, हवा आपल्यापेक्षा गार आणि आपले बरेच जण तिथेही अनवाणी. कोलकात्याच्या कोरड्या मैदानावर अनवाणी पायाला बॉलवर जो कंट्रोल मिळतो तो ओल्या थंड गवतावर राहत नाही, पाय सरकतो, आणि बॅकचा पाय सरकला की संपलंच. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले.

बाकी थोडक्यात, हावडा युनियनमधून 1942 ला कोलकात्याच्या मोहन बागान क्लबला आले आणि 1960 पर्यंत तिथेच राहिले, दुसरा क्लब केलाच नाही. नोकरी जिऑलॉजिकल सर्व्हेत. 1971 ला पद्मश्री. फ्री किक जबरदस्त मारायचे. मोहन बागानने पहिल्यांदा रोव्हर्स कप जिंकला तो 1955 ला, त्या वर्षी आजोबा कूपरेजला होते का ते विचार आणि काय सांगतात ते लिहून ठेव.

प्रश्न : आमच्या खारघरच्या कट्ट्यावर सगळे ठामपणे सांगतात की 1950 च्या वर्ल्ड कपला भारताला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण गेलो नाही. खरंय का?

उत्तर : हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की खरंच वाटतं, पण तुम्ही मन्नांचंच ऐका, कारण गेलो असतो तर कॅप्टन तेच असते. म्हातारपणी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की तेव्हा वर्ल्ड कपचं महत्त्वच आपल्याकडे कोणाला कळलं नव्हतं, सगळ्यांसाठी ऑलिंपिक म्हणजे सर्वकाही, आणि बुटांचं कारण नंतर पुढे केलं गेलं. ब्राझीलवाले प्रवासाचा बराचसा खर्च उचलायलाही तयार होते. मन्ना तेव्हा 25 वर्षांचे होते.