सुतातलं पाणी न्यूट्रॉननं पाहायचंय, कोणता डिटेक्टर घेऊ?

तुम्ही विचारलंय: ‘सोलापुरात एम.एस्सी.ला आहे. टेरी टॉवेलच्या सुतात पाणी कुठं शिरतं ते न्यूट्रॉननं पाहण्यासाठी उपकरणाचा आराखडा करायचाय. डिटेक्टर कोणता घेऊ?’

मी पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढलो, पुढं अशाच उपकरणांवर काम केलं. प्रश्न वाचून फार बरं वाटलं. पण डिटेक्टर सगळ्यात शेवटी ठरवायचा.

आधी सूत बघा. कापसाच्या तंतूतली सेल्युलोजची तंतुकं काही नॅनोमीटर जाडीची असतात. ५ नॅनोमीटर धरा. ५ अँगस्ट्रॉम (म्हणजे अर्धा नॅनोमीटर) तरंगलांबीचा न्यूट्रॉन त्यांच्यावरून साधारण ६ अंशांत विखुरतो. डिटेक्टर ५ मीटरवर असेल, तर मूळ झोतापासून अर्धा मीटर बाजूला. उपकरणाचं निम्मं माप इथंच ठरलं. सूत भिजवायचं ते जड पाण्यात, म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ ड्युटेरियम असतो अशा पाण्यात. अणुकेंद्र न्यूट्रॉनला किती विखुरतं ते सांगणारी विखुरण-लांबी हायड्रोजनची −३.७४ फेम्टोमीटर, ड्युटेरियमची +६.६७, त्यामुळं पाणी शिरलेली जागा उठून दिसते. साधं पाणी घेतलंत तर हायड्रोजनचा सपाट गोंगाट सगळं झाकून टाकेल.

खरी ओढाताण झोत रेखीव करताना होते. झोत दोन छिद्रांतून जातो, एक उगमाकडचं आणि एक नमुन्याजवळचं. दोन्हींचा व्यास निम्मा केला की कोन जास्त नेमका मिळतो, पण न्यूट्रॉन सोळावा हिस्साच उरतात. तासाचं मोजमाप सोळा तासांवर जातं. नवीन माणूस इथं हमखास हावरेपणा करतो. तुमची तंतुकं काही सगळी एका मापाची नसतात, तेव्हा छिद्रं मोठीच ठेवा.

पुढं मोठ्या रचनांसाठी लांब तरंगलांबी घेतलीत, तर गुरुत्वाकर्षण विसरू नका. १२ अँगस्ट्रॉमचा न्यूट्रॉन सेकंदाला जेमतेम ३३० मीटर जातो. १० मीटरमध्ये साडेचार मिलिमीटर खाली येतो.

भरकटलेले न्यूट्रॉन आणि किरण अडवणाऱ्या कवचावर मात्र कंजुषी नको. मी एकदा पॉलिथिन, बोरॉन, शिसं सगळं हिशोबानं लावलं आणि केबलसाठी आरपार सरळ भोक ठेवलं. नमुना नसतानाही डिटेक्टर मोजतच राहिला. भोक वळणाचं केलं तेव्हा थांबला.

आराखडा मॅकस्टास या, न्यूट्रॉन उपकरणांची संगणकावर नक्कल करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर चालवून बघा. आणि ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर लहान कोनांत विखुरण मोजणारी उपकरणं आहेत. विद्यापीठातल्यांना यूजीसी-डीएई कन्सोर्शियम (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाची संशोधन संस्था) हिच्या मुंबई केंद्रामार्फत तिथं प्रस्ताव देता येतो. तुमच्या मार्गदर्शकांशी आताच बोला, सूत आपल्याकडं आहेच.