कोरा तलवार की कोरी तलवार?

प्रश्न असा आलाय की एका विक्रेत्याने जाहिरातीत "नेपाळी कोरा तलवार, हँडमेड, वॉटर क्वेंच्ड" असं लिहिलंय, तर ते "कोरी तलवार" चं बिघडलेलं व्याकरण समजायचं का, म्हणजे न वापरलेली वगैरे, आणि त्या क्वेंच्डला मराठीत काय म्हणायचं.

व्याकरण बिघडलेलं नाहीये. कोरा हे त्या तलवारीचं नावच आहे, आपल्याकडे पट्टा किंवा धोप म्हणतात तसं. नेपाळीत खुँडा पण म्हणतात. दिसायला एकदम वेगळा प्रकार, म्हणजे आपल्या नेहमीच्या वाकड्या तलवारीची धार बाहेरच्या फुगीर बाजूला असते आणि कोऱ्याची आतल्या बाजूला, विळ्यासारखी, फक्त विळा टोकाला निमुळता होतो तर हा टोकाकडे रुंद होत जाऊन शेवटी माशाच्या शेपटीसारखा फाकतो. सगळं वजन पुढे, त्यामुळे भोसकायला निरुपयोगी पण वरून घाव घातला की काम तमाम. म्हणूनच लढाईइतकाच तो दशैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या बळीसाठी वापरला जायचा, तिथे मान एका घावात उतरायला लागते. टोकाजवळ दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा एक डोळा कोरलेला असतो. (कोऱ्यावर कोरलेला, हो, मलाही हसू आलं.)

आता कोणीतरी म्हणणारच की कोर म्हणजे काठ, चंद्रकोर वाकडी, तलवार पण वाकडी, म्हणून कोरा. मलाही आधी तेच सुचलं होतं, पण नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावायचं नाही, त्यात जुन्या इंग्रजी लिखाणात हाच शब्द "खोरा" असाही सापडतो. तेव्हा क की ख इथूनच सुरुवात करावी लागेल. खुकुरीची पण तीच गत, नेपाळीत खुकुरी, हिंदीत खुखरी आणि आपण म्हणतो कुकरी, सर्च केलं तर अर्धे रिझल्ट पनीरच्या रेसिपीचे. मी स्वतः खुकुरीच लिहितो. ज्यांची वस्तू त्यांचा उच्चार.

खरं साम्य बघायचं तर दुसरीकडे बघा. खुकुरीचा एक सडपातळ प्रकार आहे, सिरुपाते. सिरु हे एक गवत, त्याच्या पातीसारखी म्हणून सिरुपाते. आपल्याकडेही गवताची पात आणि तलवारीचं पातं एकाच घरातले, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द डिक्शनरी न उघडता कळतो. आणि नेपाळी तरवार बघून काहींना ती टायपिंगची चूक वाटते पण आपल्या बखरीत पण तरवारच आहे की, संस्कृत तरवारि, ल आपण नंतर घेतला.

आता क्वेंच्ड. पूर्व नेपाळातल्या धरान, भोजपूरकडचे कामी, म्हणजे परंपरेने लोहारकाम करणारे, आजही बरेचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद घेऊन हाताने घडवतात, आणि शेवटी पातं लालभडक तापवून किटलीने फक्त धारेवर पाणी ओततात, धार कडक होते आणि पाठ जरा नरम राहते म्हणून घाव बसला तरी पातं तुटत नाही. याला मराठीत तयार शब्द आहे, पाणी पाजणे. नेपाळीत त्यालाच पाइन म्हणतात, आणि सुश्रुतसंहितेत शल्यक्रियेच्या शस्त्रांसाठी "पायना" आहे, क्षार, पाणी आणि तेल अशी तीन प्रकारची. पायना, पाइन, पाजणे, सगळे "पा" म्हणजे पिणे या धातूचे. आपली पाणीदार तलवारही तीच, चकचकीत नव्हे. मी काठमांडूहून सिंहाच्या तोंडाची पितळी मूठ असलेली एक खुकुरी आणली होती, चकाकायची झकास, शहाळं तासायला घेतली आणि पहिल्याच फटक्यात धार वळली. तिला पाणी पाजलेलंच नव्हतं.

तसल्या शोपीसला प्रतिकृती म्हणा, नक्कल म्हणा, काहीही चालेल. पण कामी आज घडवतो त्याला रेप्लिका म्हणणं मला पटत नाही, पैठणी आज विणली म्हणून ती पैठणीची प्रतिकृती होते का. "जुन्या घडणीचा, नव्याने बनवलेला" इतकं पुरे.

म्हणजे ती जाहिरात मराठीत अशी: "हाताने घडवलेला, पाणी पाजलेला नेपाळी कोरा". तलवार शब्द हवाच असेल तर "कोरा ही नेपाळी तलवार" असं फोडून लिहा. फक्त नवीन माल आहे हे सांगायला "नवा कोरा कोरा" तेवढं लिहू नका.