वाचकांचे प्रश्न: मॉड्यूल लोड झालं, मग सेन्सर का दिसत नाही?

प्रश्न: मी एका छोट्या लिनक्स बोर्डवर मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) लोड होणारं मॉड्यूल, लिहितोय. सेन्सर एसपीआयवर आहे, पण त्याची रीसेट पिन आयटूसीवरच्या (एसपीआयसारखीच चिप जोडायची दुसरी पद्धत) एका जीपीआयओ एक्सपांडरला (जास्तीच्या पिना देणारा चिप) जोडलीये. एक्सपांडरचा ड्रायव्हरपण माझाच, आणि त्यातलं एक फंक्शन मी सेन्सरच्या ड्रायव्हरमधून थेट कॉल करतो. इन्समॉडने टाकलं तर 'अननोन सिम्बॉल' येतं, मॉडप्रोबने दोन्ही लोड होतात पण बूटला सेन्सर कधी दिसतो कधी नाही. सध्या प्रोबच्या (डिव्हाइस सापडलं की चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) सुरुवातीला दोन सेकंदांचा एमस्लीप (थांबा) टाकलाय. कर्नल ५.४. कोड सोबत पाठवतोय. (एक वाचक, सांगली)

उत्तर: तो एमस्लीप आधी काढा. आज दोन सेकंद पुरले, उद्या बोर्डवर अजून दोन डिव्हाइस चढली की पुरणार नाहीत, मग तुम्ही पाच करणार, आणि शेतात लावलेला बोर्ड एखाद्या सकाळी सेन्सरशिवायच उठणार.

तुमच्याकडे खरं तर दोन वेगळी अवलंबित्वं आहेत. पहिलं सिम्बॉलचं, म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलमधल्या फंक्शनच्या नावाचं. एक्सपांडरच्या मॉड्यूलने एक्स्पोर्ट_सिम्बॉलने दिलेलं फंक्शन सेन्सरचं मॉड्यूल वापरतं, म्हणजे पहिलं मेमरीत असल्याशिवाय दुसरं जोडलंच जात नाही. इन्समॉड फक्त तुम्ही दिलेली फाइल कर्नलच्या हातात देतो, कोणाला कोण लागतं ते बघत नाही. ते काम मॉडप्रोबचं, आणि तो बघतो मॉड्यूल्स.डेप या फाइलमध्ये, जी डेपमॉड बनवतो. म्हणून दोन्ही .केओ फाइली (बिल्ड झालेली मॉड्यूल्स) /लिब/मॉड्यूल्स खाली चालू कर्नलच्या फोल्डरमध्ये ठेवा, डेपमॉड -ए चालवा, आणि इन्समॉड फक्त टेस्टिंगपुरता ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करत असाल तर केबिल्ड_एक्स्ट्रा_सिम्बॉल्समध्ये पहिल्याच्या मॉड्यूल.सिमव्हर्सचा (एक्स्पोर्ट केलेल्या सिम्बॉलची यादी) पाथ द्यायला विसरू नका. आणि एक्स्पोर्ट_सिम्बॉल_जीपीएल वापरलं असेल आणि सेन्सरच्या मॉड्यूलचं लायसन्स प्रोप्रायटरी लिहिलं असेल तर सगळं जागेवर असूनही हाच 'अननोन सिम्बॉल' येतो, यात माणसं तासन्‌तास अडकतात.

दुसरं अवलंबित्व डिव्हाइसचं, आणि तुमचा खरा त्रास तिथे आहे. मॉड्यूल लोड झालं म्हणजे डिव्हाइस तयार झालं असं अजिबात नाही. एक्सपांडरच्या मॉड्यूलचं इनिट फंक्शन आयटूसी कोअरला एवढंच सांगतं की या चिपचा ड्रायव्हर माझ्याकडे आहे, आणि शून्य परत करून मोकळं होतं. आयटूसीचा कंट्रोलरच अजून उठला नसेल तर एक्सपांडरचा प्रोब झालेलाच नसतो, तरी एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी) मॉड्यूल व्यवस्थित दिसतं. तेवढ्यात एसपीआयकडून सेन्सरचा प्रोब सुरू झाला की रीसेट पिन मागितली जाते, आणि ती देणारा चिप जागेवरच नसतो.

यासाठी कर्नलमध्ये २०१२ पासून, म्हणजे ३.४ पासून, सोय आहे: प्रोबमधून -ईप्रोब_डिफर परत करायचा, आकडा ५१७. मग ड्रायव्हर कोअर (डिव्हाइस आणि ड्रायव्हर जुळवणारा कर्नलचा भाग) तुमचं डिव्हाइस थांबलेल्यांच्या यादीत टाकतो आणि दुसऱ्या कुठल्याही डिव्हाइसचा प्रोब यशस्वी झाला की यादीतल्यांना पुन्हा संधी देतो. यात तुम्हाला वेगळं काही लिहायचंपण नाहीये, कारण डेव्हएम_जीपीआयओडी_गेट चिप सापडला नाही की हाच एरर देतो. तुमच्या कोडमध्ये मात्र त्याच्या खालच्याच ओळीत, कुठलाही एरर आला तरी, रिटर्न -ईनोडेव्ह आहे! कोअरला वाटतं हे डिव्हाइस या ड्रायव्हरचं नाहीच, आणि तो पुन्हा विचारत नाही. तिथे रिटर्न पीटीआर_ईआरआर लिहा, म्हणजे आलेला एरर जसाच्या तसा वर जाईल. एक पथ्य पाळा: प्रोबमध्ये चाइल्ड डिव्हाइस तयार करून झाल्यावर डिफर परत करायचं नाही, नाहीतर प्रोब आणि डिफरचं चक्र थांबतच नाही. आधी सगळे रिसोर्स मागून घ्या, मग बाकीचं.

तपासायला डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती फाइलींत दाखवणारी सोय) माउंट करून डिव्हाइसेस_डिफर्ड ही फाइल बघा, कोण अडकलंय ते तिथे नावानिशी दिसतं. नव्या कर्नलवर गेलात तर एफडब्ल्यू_डेव्हलिंक ही सोय डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डवर काय कुठे जोडलंय त्याचं वर्णन) रीसेट पिनची ओळ वाचून बराचसा क्रम स्वतःच लावते, ५.१३ पासून ते आपोआप चालू असतं. तरी एरर नीट वर पाठवायची सवय ठेवाच, तुमचा ड्रायव्हर उद्या कुठल्या जुन्या कर्नलवर चालेल सांगता येत नाही.

प्रश्न: आमच्या प्रोजेक्टमध्ये एक कोअर मॉड्यूल आहे, बाकीची मॉड्यूल्स त्याच्याकडे फंक्शन पॉइंटरचं स्ट्रक्चर रजिस्टर करतात. त्यातलं एक आरएममॉडने काढलं की कधीकधी कर्नल पॅनिक होतो. रेफरन्स काउंट (मॉड्यूल किती जण वापरतायत तो आकडा) असताना असं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कारण काउंट उलट्या बाजूला वाढतोय. लहान मॉड्यूल कोअरचं रजिस्टर फंक्शन वापरतं, म्हणून कोअर काढता येत नाही, आरएममॉड 'इन यूज' म्हणतो. पण कोअरच्या हातात लहान मॉड्यूलचा नुसता पॉइंटर आहे, त्याची नोंद कुणाकडेच नाही. तुम्ही ते मॉड्यूल काढलं, त्याचा कोड मेमरीतून गेला, आणि कोअर अजून त्याच पत्त्यावर उडी मारतोय.

स्ट्रक्चरमध्ये ओनर ठेवा, त्यात धिस_मॉड्यूल भरा. कोअरने कॉलच्या आधी त्या ओनरवर ट्राय_मॉड्यूल_गेट करायचं, फॉल्स आलं तर समजायचं ते निघायच्या वाटेवर आहे आणि हात लावायचा नाही, काम झालं की मॉड्यूल_पुट. अनरजिस्टर आणि हे गेट एकाच लॉकखाली हवं, नाहीतर पॉइंटर वाचला आणि गेट केलं या मधल्या फटीत तोच पॅनिक. कोडच्या आत बसून स्वतःचाच काउंट स्वतः वाढवणं मात्र टाळा, तो काउंट वाढायच्या आतच मॉड्यूल निघालेलं असू शकतं.

अजून एक, हा काउंट फक्त मॉड्यूल काढण्यापासून वाचवतो. सिसएफएसमधून (कर्नलच्या /सिस खालच्या फाइलींमधून) कोणी अनबाइंड केलं, म्हणजे डिव्हाइसपासून ड्रायव्हर सोडवला, तर मॉड्यूल जागेवर राहतं आणि डिव्हाइस जातं, तिथे काउंट कितीही असो उपयोग नाही. तसं व्हायची शक्यता असेल तर डिव्हाइस_लिंक_ॲड वापरा (४.१० पासून आहे). त्याने पुरवठादार सुटायच्या आधी त्याच्यावर अवलंबून असलेल्याला सोडवलं जातं.

प्रश्न: माझं मॉड्यूल क्रिप्टो एपीआयकडे (कर्नलमधली चेकसम, एन्क्रिप्शनची सोय) नावाने सीआरसी३२सी हा चेकसम मागतं. सिस्टिम चालू झाल्यावर सगळं ठीक, पण इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी इमेज) सीआरसी३२सीचं मॉड्यूल येतच नाही. (एक वाचक, नागपूर)

उत्तर: नावाने मागितलं की सिम्बॉल नसतो, त्यामुळे डेपमॉडला हे अवलंबित्व दिसणार कसं? मॉड्यूल_सॉफ्टडेप लिहा, आत 'प्री: सीआरसी३२सी'. एक्स्टफोर आणि बीटीआरएफएसमध्ये बरीच वर्षं हीच ओळ होती. मॉडप्रोब ते आधी लोड करायला बघतो, नाही मिळालं तर अडून बसत नाही. आणि फक्त इमेजमध्ये यावं, आधी लोड व्हायची गरज नाही, असं असेल तर ६.११ पासून मॉड्यूल_वीकडेप आलंय, पण त्यासाठी केमॉड (मॉडप्रोब आणि डेपमॉड ज्यात येतात ते पॅकेज) आणि इमेज बनवणारं टूल दोन्ही नवीन हवीत. बदल केल्यावर डेपमॉड चालवून इमेज पुन्हा बनवा, जुन्या इमेजमध्ये शोधत बसू नका.