सहउत्क्रांतीच्या मॉडेलिंगला जीवशास्त्र कितपत लागतं?

"गणितात एम.एस्सी. केलंय, डिफरन्शियल इक्वेशन्स पक्की आहेत, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं. यजमान आणि रोगजंतूंच्या सहउत्क्रांतीवर काम जमेल का?" असं विचारलंय तुम्ही. (यजमान म्हणजे ज्याच्या शरीरात रोगजंतू राहतो तो; सहउत्क्रांती म्हणजे दोघांनी एकमेकांमुळे पिढ्यानपिढ्या बदलत जाणं.) मीही असाच घुसलो आणि व्हायवात सपाटून आपटलो.

माझ्या मॉडेलमध्ये संसर्गदर स्थिरांक, बरं होण्याचा दरही स्थिरांक. मारकता, म्हणजे रोगजंतूमुळे यजमान मरण्याचा दर, फक्त आर-नॉटच्या (एक रोगी सरासरी किती नवे रोगी करतो त्या आकड्याच्या) छेदात. ती शून्याकडे नेली की आर-नॉट सर्वांत मोठा, म्हणजे रोगजंतू कालांतराने सौम्य होणारच! दोन पानी सुबक सिद्धता. गाईड खूश. एक्स्टर्नल परीक्षक बाई पशुवैद्यकाच्या. त्यांनी विचारलं, "डास सशाला चावतो तेव्हा विषाणू कुठून उचलतो?" मला वाटलं, गंमत करतायत.

ऑस्ट्रेलियात १९५० मध्ये ससे आवरायला मिक्सोमा विषाणू सोडला. आधी शंभरातले नव्याण्णवहून जास्त मरत. काही वर्षांत विषाणूचा जहालपणा उतरला, पण विषाणुतज्ज्ञ फ्रँक फेनर यांच्या चाचण्यांत जास्त सापडले ते ७० ते ९५ टक्के ससे मारणारे मधले प्रकार. याला सौम्य म्हणायचं?

बाईंनी फळ्यावर सशाचा कान काढला, त्यावर गाठी. हा विषाणू डासात वाढत नाही, गाठीतून सोंडेला चिकटून पुढे जातो. जहाल असेल तर ससा दोन आठवड्यांच्या आत मरतो, आणि मेलेल्याला डास विचारत नाही. फारच सौम्य असेल तर गाठी लवकर सुकतात. १९८२ मध्ये रोगप्रसाराची गणितं मांडणाऱ्या अँडरसन आणि मे यांनी याच सशांच्या आकड्यांवरून दाखवलं की मारकता आणि बरं होण्याचा दर एकमेकांना बांधलेले असतात: एक घटली की दुसरा वाढतो. माझे स्थिरांक स्थिर नव्हतेच.

"आणि ससे काय स्वस्थ बसले होते?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. विषाणूच्या एकाच मधल्या प्रकाराने जंगली ससे आधी सुमारे ९० टक्के मरत, काही साथींनंतर ३० टक्क्यांच्याही खाली. माझ्या समीकरणात सशाला बदलायची सोयच नव्हती, शीर्षकात मात्र 'सहउत्क्रांती'.

तर जीवशास्त्राची पदवी नको, पण एक रोग निवडा आणि तो नखशिखांत शिका. "आधी स्थिरता सिद्ध कर, जीवशास्त्र नंतर बघू" म्हणणारा गाईड असेल तर बदला. (फक्त आर-नॉट वाढतो म्हणून उत्क्रांती होते असंही नाही, एकाच यजमानात रोगजंतूचे दोन प्रकार शिरले की ते गणित कोलमडतं.) आमचे सर अजून म्हणतात, सिद्धतेत चूक नव्हती. नव्हतीच, सर. ससा नव्हता.