बी.सी. रेशो १ च्या वर, तरी उपसा सिंचन योजना वीजबिलापायी बंद का पडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी परभणीकडची एक उपसा योजना घेतली आहे, अहवालात लाभ-व्यय गुणोत्तर (बी.सी. रेशो, म्हणजे वार्षिक लाभ भागिले वार्षिक खर्च) १ च्या वर आहे, पण योजनेला वीजबिलही भरता येत नाही, मग हिशेब चुकला का?

चुकलाच असेल असं नाही. ते दोन वेगळे हिशेब आहेत. बी.सी. रेशो हा आर्थिक हिशेब: समाजाने किती घातलं आणि समाजाला किती मिळालं. बिल भरता येईल का, हा वित्तीय हिशेब: योजनेच्या खात्यात किती आले, किती गेले.

आकडे धरून बघू. लाभक्षेत्र २,००० हेक्टर, खर्च ८० कोटी. त्यात पंप-मोटारी १२ कोटी, रायझिंग मेन (पंपापासून पाणी वर चढवणारी मुख्य पाइपलाइन) १८ कोटी, बाकी कामं ५० कोटी. केंद्रीय जल आयोगाच्या नमुन्यात वार्षिक खर्च असा बसतो: भांडवलावर १० टक्के व्याज, म्हणजे ८ कोटी. घसारा पंपांवर ८.३३ टक्के (आयुष्य १२ वर्षं), रायझिंग मेनवर ३.३३ टक्के (३० वर्षं), बाकीवर १ टक्का, मिळून २.१० कोटी. देखभाल-दुरुस्ती ५० लाख धरा.

वीज मात्र अंदाजाने लिहू नका, काढा. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला ०.२७ युनिट लागतात; पंप-मोटारीची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ०.४२. हेक्टरी ४,५०० घनमीटर म्हणजे ९० लाख घनमीटर पाणी, एकूण हेड (प्रत्यक्ष उंची अधिक पाइपातल्या घर्षणाचा तोटा) ८० मीटर: सुमारे ३०.२ लाख युनिट. ७ रुपयांनी २.११ कोटी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नुसती उंची धरून पाइपातलं घर्षण सोडून देणं. ८० पैकी १५ मीटर घर्षणाचे असतील, तर बिल जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी दिसतं.

एकूण वार्षिक खर्च १२.७१ कोटी. पाण्यामुळे हेक्टरी निव्वळ उत्पन्न ७०,००० रुपयांनी वाढलं तर लाभ १४ कोटी, गुणोत्तर १.१०. मंजुरीसाठी एरवी १.५ लागतं, अवर्षणप्रवण भागाला १.० चालतं, योजना पास.

आता खातेवही. पाणीपट्टी हेक्टरी ३,००० धरली आणि सगळी वसूल झाली, तरी ६० लाख. वीज आणि देखभाल मिळून २.६१ कोटी. दर वर्षी २ कोटींची तूट! फायदा शेतकऱ्याच्या घरात जातो, बिल योजनेच्या नावावर येतं. नुसता चालू खर्च भागवायलाही हेक्टरी १३,०५० रुपये लागतील. ७०,००० च्या वाढीतून ते निघू शकतात, पण पाणी वेळेवर आणि टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत, पोचलं तरच. दर ठरवताना हाच धागा धरायला हवा, आणि अहवालात तो क्वचितच दिसतो.

गुणोत्तरात खरी गडबड होते ती पीकरचनेत. 'प्रकल्पापूर्वी' या रकान्यात दुष्काळी वर्षातलं सोयाबीन-कापसाचं उत्पादन आणि 'प्रकल्पानंतर' मध्ये कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचा उतारा, अशी तुलना मला मान्य नाही. दोन्हीकडे त्याच तालुक्याची अनेक वर्षांची सरासरी घ्या. घरच्या माणसांची मजुरी शून्य धरू नका. बुडीत जमिनीतलं पीक लाभातून वजा करा. ऊस दाखवून लाभ फुगवला असेल, तर त्या उसाला लागणारं पाणी येव्यात (वर्षभरात उपलब्ध होणाऱ्या पाण्यात) बसतं का तेही तपासा. सिंचनाचं नियोजन साधारण ७५ टक्के विश्वासार्हतेवर असतं, म्हणजे चारातलं एक वर्ष तुटीचं गृहीतच आहे.

आणि तेच पाणी दोनदा मोजू नका. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. अशा भागात पिण्याच्या पाण्याचा लाभ टँकरच्या वाचलेल्या खर्चावरून खुशाल मोजा, पण तेवढं पाणी शेतीच्या रकान्यातून काढा.

शुद्ध आर्थिक हिशेबात जीएसटी आणि रॉयल्टी वगळायची, कारण ते पैसे सरकारच्या एका खिशातून दुसऱ्यात जातात. विजेचा सवलतीचा दर नव्हे, पूर्ण खर्च धरायचा. मजुरीचंही तसंच: दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला बाहेर जातात, म्हणजे कोरड्या हंगामात गावात काम नसतं, तेव्हा छायामजुरी (हिशेबासाठी धरायची मजुरीची खरी किंमत) बाजारभावाहून कमी. खुरपणीच्या दिवसांत मात्र बाजारभावच.

गाडगीळ समितीच्या शिफारशीने १९६४ पासून आलेली ही गुणोत्तराची पद्धत एकाच वर्षाचं चित्र दाखवते, विलंब तिला दिसत नाही. १० टक्के वटाव दराने (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) १० वर्षांनी मिळणारा रुपया आज ३९ पैशांचा, १५ वर्षांनी २४ पैशांचा. सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) घेत घेत काम लांबलं की खर्च वाढतोच, लाभही आटतो. म्हणून वर्षवार तक्ता मांडून अंतर्गत परतावा दर काढा, म्हणजे ज्या वटाव दराला लाभ आणि खर्च यांची आजची किंमत सारखी होते तो दर. १९८३ च्या नितीन देसाई समितीने किमान ९ टक्के, अवर्षणप्रवण भागासाठी ७ टक्के सुचवला होता.

शेवटी संवेदनशीलता तपासा, म्हणजे गृहीतक बदललं तर गुणोत्तर किती हलतं ते बघा. वरच्या योजनेत ६० टक्केच क्षेत्र भिजलं, तर लाभ ८.४ कोटी, वीज कमी होऊन खर्च ११.८७ कोटी, गुणोत्तर ०.७१. किती टक्के भिजल्यावर ते १ वर येतं, तो आकडा काढून अहवालाच्या पहिल्याच पानावर टाका. परीक्षक आधी तोच विचारतील.